पीठ आलंय

७ जानेवारी

धाकटे,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो लिहिला आहे असं समज.

तुझा पत्ता पिठाच्या ट्रकवाल्याने दिला. तिकडे एका मोठ्या शाळेच्या खाणावळीत तो पोती उतरवायला जातो, तिथल्या स्वयंपाकघरात तू त्याला दिसलीस म्हणे. "धाकट्या वहिनी बारीक झाल्यात," एवढंच म्हणाला. बारीक तू आधीही होतीस, त्यामुळे या बातमीचं करायचं काय ते मला कळलं नाही.

परत ये असं सांगायला हे पत्र नाही, ते आधीच सांगून टाकते. तुझ्या खोलीत आता आम्ही साखरेची पोती ठेवतो. माझं काम वेगळं आहे आणि छोटं आहे.

संत्र्याच्या केकला तीन कप मैदा लागतो हे मला ठाऊक आहे. ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. दर शनिवारी तू "एक... दोन... आणि तीन" असं सुरात म्हणत भरायचीस आणि गिऱ्हाइकं बाहेरून "चार!" म्हणून ओरडायची. मला हवंय ते एवढंच, की तुझ्या हाताने भरलेल्या एका कपात मैदा किती ग्रॅम बसतो. वजन करून आकडा कळव. ट्रकवाल्याकडे चिठ्ठी दिलीस तरी चालेल, दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

कशाला हवा आहे ते सांगते. माझा उजवा हात गेला. घाबरू नकोस, जागेवरच आहे, फक्त अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या तीन बोटांना काही लागत नाही. करंगळी तेवढी शाबूत आहे. मध्यंतरी तापलेला ट्रे उघड्या हाताने उचलला आणि कातडीचा वास आला तेव्हा मला कळलं. डॉक्टर म्हणाला, मनगटात नस दबली आहे, इतकी वर्षं पीठ मळून दुसरं काय होणार. ऑपरेशन करायचं, मग बरेच दिवस मळणं बंद, आणि नंतरही पहिल्यासारखं होईलच असं नाही. "कधीपासून लागत नाहीये?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, लक्षात नाही. खरंच नाही लक्षात. बरंच काही लागत नव्हतं, त्यातलं हे एक.

म्हणून माणूस ठेवला आहे. मोठ्या हॉटेलच्या भट्टीवरून निवृत्त झालेला, साठीला टेकलेला. येताना स्वतःचा वजनकाटा टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. मीठसुद्धा काट्यावर घालतो, त्यामुळे आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव तोळामासा ठेवलं. अंगाने मात्र दोन पोत्यांएवढा आहे. मी त्याला कप दाखवला तर तो मान हलवून म्हणाला, "वहिनी, कप हे माप नाही. कप हे मत आहे." त्याला सगळं ग्रॅममध्ये लिहून हवं आहे. माझ्या हाताचं मी लिहून देते आहे. तुझ्या हाताचं तूच देणार.

एवढंच काम.

मोठी

३० जानेवारी

धाकटे,

पत्र मिळालं ते कळलं. ट्रकवाला म्हणाला, तू हात पुसून घेतलंस आणि एप्रनच्या खिशात घातलंस. वाचलंस की नाही ते त्याला माहीत नाही. ठीक आहे. तोवर इथली प्रगती कळवते.

भट्टी निवत असते तेव्हा दुपारी आम्ही मापं काढायला बसतो. आधी कपाचंच माप काढलं. काट्यावर रिकामा कप ठेवायचा, बटण दाबलं की आकडा शून्यावर येतो, मग त्यात काठोकाठ पाणी ओतायचं. आपला कप दोनशे तीस भरला. तोळामासा म्हणाला, पुस्तकातले कप दोनशे चाळीस तरी नाहीतर अडीचशे तरी असतात, हा कुठल्या देशाचा? आमचे हे म्हणाले, "आमच्या आईच्या देशाचा." सासूबाईंनी बेकरी टाकली तेव्हा सहा कपांचा संच घेतला होता, त्यातले दोन उरले, हे मी त्याला सांगितलं. दुसरा कुठे आहे असं त्याने विचारलं. मी सांगितलं, गावाला गेलाय.

जाताना तू शिलाईचं मशीन नेलं नाहीस, थंडीची रजई नेली नाहीस. कान तुटलेला कप तेवढा नेलास. कानवाला मला ठेवलास. यावर मी बरेच दिवस विचार केला आणि मग सोडून दिला.

मग मैदा. मी माझ्या पद्धतीने भरला, म्हणजे चाळून, चमच्याने हलकेच सोडून, वरून सुरीच्या पाठीने सपाट करून. एकशे बारा ग्रॅम. मग ह्यांनी भरला. ह्यांनी कप सरळ पोत्यात खुपसला, वर काढला, शीग तळहाताने उडवली. एकशे अडतीस. तोळामाशाने डोळे मिटून घेतले. तोच कप, तेच पोतं, आणि सव्वीस ग्रॅमचा फरक. हे मला म्हणाले, "तुझा हात पहिल्यापासूनच आखडता." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्यांना आता काट्यावर सिद्ध करून मिळालं. दिवसभर खुशीत होते.

साखरेचं तसं नाही. साखर मी भरली काय, ह्यांनी भरली काय, चार-पाच ग्रॅमच्या वर फरक पडला नाही. लोणी तर दाबून बसवल्याशिवाय कपात बसतच नाही, त्यामुळे तिथेही भांडण नाही. मैदाच लबाड आहे. त्याच्यात हवा किती आणि पीठ किती, हे भरणाऱ्याच्या हातावर ठरतं. चिमूटभर मिठापाशी तोळामासा पुन्हा अडला. "चिमूट कोणाची?" म्हणाला. मी माझी दाखवली तर बोटं नीट मिटलीच नाहीत, मीठ खाली सांडलं. मग ह्यांची घेतली.

बिस्किटं झाली, बटर झाले, टोस्ट झाला. सगळं आता ग्रॅममध्ये भिंतीवर लिहिलं आहे.

पावापाशी मात्र गाडं अडलं. तोळामाशाने विचारलं, पावाला पाणी किती? मी म्हटलं, लागेल तेवढं. तो म्हणाला, म्हणजे किती? मी म्हटलं, भावोजी पाणी घालायचे, त्यांना विचारायला हवं होतं. हे उठले आणि शटर नीट लागलंय का ते बघायला गेले. दुपारचे तीन वाजले होते, शटर उघडंच होतं.

तोळामाशाने त्याच्या हिशेबाने पाव बसवला. चांगला पाव आहे. लोक नेतात, कोणी काही बोलत नाही. पण तो भावोजींचा नाही. त्यांच्या हाताचं वजन कोणी करून ठेवलं नाही, ना मी, ना तू, ना त्यांच्या सख्ख्या भावाने. गेला तो पाव.

तुझा आकडा कळव.

मोठी

२१ फेब्रुवारी

धाकटे,

तू काही कळवत नाहीस. आम्ही अंदाजपंचे चालवतो आहोत, आणि तोळामाशासारख्या माणसाला अंदाजपंचे चालवायला लावणं म्हणजे पाप आहे. तेवढं तरी मनावर घे.

तुझ्या केकचं काय झालं ते सांगते. तू गेल्यापासून शनिवारचा केक मी करत होते. तुझेच तीन कप, तीच साखर, तीच अंडी, संत्र्याची साल तशीच किसून. तो दर शनिवारी मधोमध बसायचा. कडेने उभा आणि पोटात खड्डा. मला वाटायचं भट्टी बिघडली. भट्टीवाल्याला दोनदा बोलावलं. तो म्हणाला, "वहिनी, भट्टीला काही झालेलं नाही." त्याच्या बोलण्याचा रोख मला तेव्हा आवडला नव्हता. आता कळलं की मी माझ्या हाताचे तीन कप घालत होते. तुझ्या हाताचे जास्त असणार. एवढी वर्षं एका ओट्यावर पाठीला पाठ लावून उभ्या राहिलो आणि एकमेकींचा कप कधी बघितला नाही. पाठमोरीच होतीस ना तू, आणि वर गाणं.

तोळामासा म्हणाला, सोपं आहे, कपामागे दहा-दहा ग्रॅम वाढवत जाऊ. वाढवला. एकशे बत्तीसला मधला खड्डा भरला. एकशे बेचाळीसला केक छान फुगला. बावन्नलाही चांगला झाला, जरा घट्ट. म्हणजे केक जमला म्हण. आता यातला तुझा कुठला? ह्यांचं म्हणणं बेचाळीसचा. तोळामाशाने तुझा खाल्लेलाच नाही. शाळेच्या बाई, त्या दर शनिवारी अर्धा किलो न्यायच्या त्या, त्यांना मुद्दाम बोलावून तिन्ही तुकडे दिले. त्यांनी तिन्ही खाल्ले, तिन्ही छान आहेत म्हणाल्या आणि निघताना दारात हळूच म्हणाल्या, "तो मात्र यांत नाही हं."

मी काय सांगणार? मला चव लागत नाही. हे ह्यांना माहीत नाही, डॉक्टरला सांगितलेलं नाही, तुला सांगते आहे कारण तू उत्तर देत नाहीस. गोड आहे, खारट आहे एवढं कळतं. त्यापलीकडे काही नाही. त्या सकाळपासून नाही. लोक म्हणतात, मोठी किती धीराची, तिने सगळं सावरलं. धीर वगैरे काही नाही गं. मला काही लागलंच नाही. भावोजी गेले, तू गेलीस, मी टोस्ट कापत होते. अजून एकदाही रडू आलेलं नाही, आणि त्याचं मला वाईटसुद्धा वाटत नाही. हे मात्र थोडं विचित्र आहे हे मला समजतं.

ऑपरेशनची तारीख एप्रिलमधली मिळाली आहे. त्यानंतर ओट्यावर मी नसेन, तोळामासा असेल आणि भिंतीवर ग्रॅम असतील. जे ग्रॅममध्ये असेल ते राहील. जे नसेल ते पावासारखं जाईल. तुमच्या दोघांच्या हातचं या दुकानात आता एवढं एकच उरलं आहे. म्हणून मागे लागले आहे, बाकी मला केकची हौस नाही.

तुझ्याकडे काटा नसेल तर तसं सांग. काटा पाठवते.

मोठी

१४ मार्च

धाकटे,

आज ट्रकवाला पोती उतरवून झाल्यावर गेला नाही. हिशेब झाला, चहा झाला, तरी उभा. मी विचारलं, काय हवंय? तर आपल्या चपलांकडे बघत म्हणाला, "मोठ्या वहिनी, तुम्ही पत्रं देता, मी पोचवतो. पण त्या काही लिहायच्या नाहीत."

"का?"

"मी म्हटलं त्यांना, एक आकडा तर मागतात, देऊन टाका. तर म्हणाल्या, माझा माणूस वर निजवलेला होता आणि मोठी खाली पिठाची पोती उतरवून घेत होती. मला तोंडावर सांगितलं तिने, पीठ आलंय. तिला मी ग्रॅम देऊ?"

मग म्हणाला, "त्या दिवशी पोती मीच आणली होती ना, वहिनी. मला काही माहीत नव्हतं. दारात आलो तेव्हा कळलं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढी वर्षं तो ते घेऊन फिरतो आहे, हे मला माहीत नव्हतं. मी त्याला आणखी एक चहा दिला.

तो गेल्यावर मी ओट्यापाशी उभी राहिले. हे दोनदा जेवायला बोलावून गेले.

धाकटे, आपल्या घरात पीठ दोन तऱ्हांनी येतं. ट्रकमधून येतं आणि काथवटीत येतं. मळून ठेवलेलं फुगून वर आलं की आपण त्याला आलं म्हणतो. सासूबाई आतून "पीठ आलंय!" म्हणून ओरडायच्या आणि दोघे भाऊ उठून धावायचे, एक ट्रककडे आणि एक काथवटीकडे, आणि बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला. तू नवी होतीस तेव्हा या गोंधळाला किती हसायचीस. तुला पोटात कळ यायची हसून.

त्या सकाळी दोन्ही आली होती.

मी तुला हे कधी सांगितलं नाही, कारण मला वाटलं होतं की मी सांगितलं आहे. आता सगळं सांगते.

आदल्या संध्याकाळी भावोजींनी दुसऱ्या दिवशीच्या पावाचं पीठ मळलं. काथवटीवर ओलं कापड टाकलं, हात धुतले, आणि मला म्हणाले, "वहिनी, सकाळी लवकर बघा, आज उकाडा आहे, पीठ लवकर येईल." मग चपला घालायला पोत्यांवर बसले. ते उठलेच नाहीत. पुढचं तू पाहिलंस. तू वरून धावत आलीस, डॉक्टर आला, त्यांना वर नेलं. काथवटीची आठवण कोणाला असणार? मलाही नव्हती.

पहाटे मी खुर्च्या आणायला खाली उतरले. माणसं येणार होती, बसायला काही हवं होतं. दिवा लावला तर काथवटीवरचं कापड मधोमध वर उचललेलं. पीठ आलं होतं. काठाच्या वर आलं होतं. मी कापड काढलं, करंगळीने दाबून पाहिलं, सवयीने. खळगा पडला आणि हळूहळू भरून आला. अगदी बरोबर आलं होतं.

तू मला सांग, मी काय करायला हवं होतं? तसंच ठेवलं असतं तर दुपारपर्यंत आंबून खाली बसलं असतं, मग उचलून नाल्यात टाकावं लागलं असतं. ते वर निपचित होते, आणि त्यांनी केलेलं शेवटचं काम खाली जागं होतं, वाढत होतं. माझ्याने ते टाकवेना. मी भट्टी पेटवली. तुकडे पाडले, साच्यात घातले, भाजले. रोजची माणसं आली, मी शटर अर्धं वर केलं आणि पाव देत गेले. कोणी पैसे ठेवले, कोणी नाही, मी बघितलं नाही. ट्रक त्याच वेळी आला. त्याने पोती आपली आपणच उतरवली आणि निमूट गेला. मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी पावाकडे बघत होते.

वास वर गेला असेल. तू जिन्यात आलीस. केस मोकळे होते, भिंतीला धरून उभी होतीस. म्हणालीस, "ताई, आजसुद्धा?"

मी म्हटलं, "पीठ आलंय."

मला वाटलं, दोन शब्दांत मी सगळं सांगितलं. त्यांनी मळलेलं पीठ आलंय, त्याला मी कशी थांबवू, असं सगळं त्या दोन शब्दांत होतं. तू मान फिरवलीस आणि वर गेलीस. मला वाटलं तुला समजलं. नंतर तू बोलेनाशी झालीस ते मला दुःखाने वाटलं. मग तू निघून गेलीस, तेव्हा वाटलं, इथे राहवत नसेल. माझा राग असेल हे मनात आलंच नाही, कारण मनात काहीच येत नव्हतं.

पाव भाजले ही चूक झाली असं मला आजही वाटत नाही. परत तशी वेळ आली तर परत भाजेन. पण धाकटे, त्यातला एक बाजूला काढून ठेवायला हवा होता. तुझ्यासाठी. तो ठेवला नाही. शेवटचा पाव कोणाला दिला तेही आठवत नाही.

आकडा देऊ नकोस वाटलं तर देऊ नकोस. पण देणार नसशील तर खरं कारण काढून नकार दे, हे कारण खोटं आहे.

आणि साखरेची पोती तुझ्या खोलीत नाहीत. ते मी उगाच लिहिलं होतं. पोती जिना चढवणार कोण? खोली तू ठेवलीस तशी आहे. रजई उन्हाला घालते अधूनमधून, कसर लागते म्हणून.

मोठी

९ एप्रिल

धाकटे,

ट्रक आज दुपारी आला, आणि आला तो इतका हळू की हे म्हणाले, गाडी ढकलत आणतोय की काय. ट्रकवाला उतरला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं, आणि दोन्ही हातांनी धरलं होतं. पोत्यांवर ठेवलं नाही, ओट्यावर ठेवलं नाही, माझ्या हातात दिलं.

"धाकटीने काही सांगितलं?" मी विचारलं.

"म्हणाल्या, आडवं करू नका."

"आणि?"

"आणि काही नाही. पण तेच दोनदा म्हणाल्या." सगळ्या वाटेवर त्याने ते शेजारच्या सीटवर दोन पोत्यांच्या मध्ये बसवून आणलं होतं. एका खड्ड्यापाशी तर थांबून हातात धरून बसला होता म्हणे.

गाठ मला सुटेना. तोळामाशाने सोडली. आत तुझा कप, कान तुटलेला, आणि काठोकाठ मैदा. सांडला नव्हता. सांडणार कसा, तू तो असा दाबला होतास की कप उलटा केला असता तरी पडला नसता. वरून सपाट, आणि मधोमध अंगठ्याचा ठसा. तर ही तुझी रीत होती. एक, दोन आणि तीन, आणि प्रत्येक वेळी अंगठा. ते गाणं त्या अंगठ्याच्या ठेक्यावर होतं.

मग काट्यावर ठेवला. कप आणि मैदा मिळून चारशे बारा. तोळामासा म्हणाला, यातून रिकाम्या कपाचं वजन वजा करायचं. आपला जोडीचा कप ठेवला, तो दोनशे अडुसष्ट. म्हणजे मैदा एकशे चव्वेचाळीस. मी भिंतीवर लिहायला निघाले तर तोच म्हणाला, "थांबा. तुमच्या कपाला कान आहे." खरंच की. तुझा कप कानाच्या वजनाइतका हलका, म्हणजे मैदा एकशे चव्वेचाळीसच्या वर त्या कानाइतका. कानाचं वजन किती? हे म्हणाले, आपल्या कपाचाही कान तोडू. अगदी ह्यांना शोभेलसंच बोलले.

तोळामाशाने शांतपणे एक वाडगा आणला आणि म्हणाला, "मैदा यात काढू, रिकामा कप तोलू, झालं. दोन मिनिटांचं काम आहे, वहिनी."

मी त्याचा हात धरला. "नाही काढायचा," म्हटलं.

"मग आकडा कसा कळणार?"

"नाही कळला तरी चालेल."

इतक्या महिन्यांत त्याने माझ्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. तो बाजूला झाला. मी माझा अंगठा तुझ्या ठशात ठेवला. काही कळलं नाही, लाकूड ठेवावं तसा तो तिथे होता. मग करंगळी ठेवली. मैदा गार होता, अगदी बारीक, आणि तळाशी घट्ट. तुझ्या नखाची कड लागली. धाकटे, लागलं मला.

मग मी पोत्यांवर बसले, भावोजी बसले होते तिथेच, आणि रडले. हमसून म्हणतात तसं. ह्यांनी शटर खाली ओढलं, या वेळी खरंच लावायला म्हणून, आणि माझ्या शेजारी येऊन बसले. तेही रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. तोळामासा भट्टीकडे तोंड करून उभा राहिला आणि नसलेली राख झाडत राहिला.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. त्यानंतर हाताला पट्टी असेल, पत्र लिहिता यायचं नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेवते, आणि पहिल्या पत्रात लिहिलं होतं त्याच्या उलट लिहिते. तुझा कप मी वरच्या फळीवर ठेवला आहे, उभा, फडकं घालून. तो रिकामा झाल्याशिवाय कानाचा हिशेब सुटणार नाही, आणि तो मी रिकामा करणार नाही, कोणाला करू देणार नाही. तू येऊन कर. कायमची राहा असं म्हणत नाही. एका शनिवारी ये, तीन कप भर, वाटलं तर गा, वाटलं तर नको. काट्यावर भर, म्हणजे तोळामाशाचा जीव भांड्यात पडेल. रजई उन्हात घातलेली आहे.

आलेल्या मालाची पोच द्यायची दुकानाची पद्धत आहे, म्हणून देते.

पीठ आलंय, धाकटे.

मोठी